पापलेटच्या डोळ्यातला व्हायरस

पांढरी बशी वर उचलली गेली आणि पार्किंगमधली कुजबुज थांबली. बशीत बोटभर पाणी होतं. त्यात साबुदाण्याएवढं काहीतरी पांढुरकं, बुळबुळीत पडलं होतं आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता.

"डोकं दिसतंय ना?" नयनमाईने विचारलं. "आत्ता या पोराच्या डोळ्यातून काढला. अजून जिवंत आहे. नीट बघा, पण जवळ येऊ नका. उडून दुसऱ्याच्या डोळ्यात जाईल."

पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मागच्या रांगेतल्या बघायला पुढे झुकल्या. बाकावर बसलेला मुलगा पाणावलेला डोळा चोळत होता, आणि त्याच्या आईने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

करंजाड्यातल्या एका नव्या इमारतीचं हे पार्किंग. वर अजून कोणी राहायला आलं नव्हतं, पण खाली दीड-दोनशे माणसं जमली होती. गणपतींचं विसर्जन होऊन गेलं होतं आणि रोजे चालू होते. पावसाळ्याच्या शेवटी पनवेलमध्ये येते तशी डोळ्यांची साथ आली होती.

नयनमाईच्या मागे देवाची तसबीर नव्हती, उदबत्तीही नव्हती. होतं एक रंगीत फ्लेक्स. त्यावर भलामोठा डोळा आणि डोळ्यात कॉम्प्युटर. "मी देवाधर्माचं काही सांगत नाही," ती माइकवर सांगत होती. "हिंदू या, मुसलमान या. हे सायन्स आहे. कॉम्प्युटरचा व्हायरस काचेतून करंटबरोबर येतो आणि डोळ्यात सेव्ह होतो. तिथे तो पिल्लं घालतो. चष्मा लावलात की त्याला घर मिळतं. डॉक्टर घर बांधून देतात, मी घर पाडते. डोळा फॉरमॅट करते."

"फॉरमॅट," तिचा मदतनीस महादेव दुसऱ्या माइकवर म्हणाला. लोकांनी मान हलवली.

हसू येण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. माझ्या शेजारी बिल्कीस उभी होती, आणि तिच्या कडेवर सात वर्षांची अल्फिया. अल्फियाच्या नाकावर चष्मा नव्हता, उजव्या डोळ्यावरची पट्टीही नव्हती.

मी डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढते. अल्फिया वर्षभरापूर्वी माझ्याकडे आली होती. तिचा डावा डोळा दिसायला निरोगी होता, पण जन्मापासून त्याचा नंबर मोठा होता. त्यामुळे मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. औषध साधं, पण चिकाटीचं. चष्मा लावायचा, चांगला डोळा रोज काही तास झाकायचा आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचं. हे लहानपणीच करावं लागतं. वय वाढत जातं तसा मेंदूचा हट्ट पक्का होतो, मग कितीही भारी चष्मा लावा, उपयोग होत नाही. अल्फियाचा डोळा नुकता कुठे जागा होऊ लागला होता. पट्टी लावली की पहिल्यांदा तिला ताटातली भाकरीसुद्धा नीट दिसत नसे. आता तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचता येत होत्या. पट्टी आता सोडली असती, तर तो डोळा जन्माचा गेला असता.

"बिल्कीस, पट्टी कुठाय?" मी हळूच विचारलं.

"माईंनी पेटीत टाकायला लावली. चष्मापण." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मॅडम, काल काजळ घालून उजव्या डोळ्यातून व्हायरस काढले. माझ्यासमोर. डाव्यात जुनं आहे म्हणाल्या, मुळं गेलीत. रविवारी परत बोलावलंय. मग पट्टीची गरजच नाही."

"डोळ्यात असं काही नसतं."

"मग बशीत काय होतं?"

'असं नसतं' एवढं मला ठाम माहीत होतं. पण बशीत काय होतं ते माहीत नव्हतं. आणि ज्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तिला 'असं नसतं' पुरत नाही.

*

हा व्हायरस आला कुठून, ते सांगायला हवं. गावातल्या एका शाळेत अविनाश सर कॉम्प्युटर शिकवतात. पालकसभेत त्यांनी सांगितलं, "लॅबमध्ये व्हायरस शिरलाय. मुलांकडून मुलांकडे पसरतोय. घरच्या मशीनला जपा." पेनड्राइव्हमधून पसरतोय, हे सांगायचं राहून गेलं. त्यांना वाटलं, ते काय, सगळ्यांना माहीतच असणार. त्याच आठवड्यात साथ आली. लाल डोळे घेऊन गेलेल्या मुलांच्या आयांना डॉक्टरांनी सांगितलं, "व्हायरस आहे. एकाचा दुसऱ्याला लागतो." ही दोन वाक्यं मच्छी मार्केटजवळ कुठेतरी एकमेकांना भेटली आणि त्यांचं लग्न लागलं. वऱ्हाडाचा मान घ्यायला नयनमाई आलीच.

बिल्कीसच्या घरात तर हे चटकन रुजलं. नियाज, तिचा नवरा, आखातात नोकरीला. मागच्या खेपेला त्याने लेकीसाठी कॉम्प्युटर घेतला. त्यावर खेळताना अल्फिया मान वाकडी करते, हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि ती माझ्याकडे आली. म्हणजे कॉम्प्युटरने डोळा बिघडवला नव्हता, बिघाड उघड केला होता. पण घरात कॉम्प्युटर आला आणि मग डोळा गेला, एवढाच क्रम घरच्यांच्या लक्षात राहिला. नियाज फोनवर म्हणायचा, "मीच ते खूळ आणून ठेवलं." शाळेत मुलं पट्टीवरून चिडवायची. अशा वेळी कोणीतरी म्हणतं, एका बैठकीत काढून देते. कोणत्या आईला मोह होणार नाही?

शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मनात बरंच काही जुळवून नेलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही.

"आधी बसा मॅडम. आता अजान होईल. इफ्तारच्या वेळेला माणूस दारातून परत जात नाही."

दस्तरखान अंथरला होता. खजूर, भजी, कलिंगडाच्या फोडी, आणि काचेच्या ग्लासांत गुलाबाचं गार दूध. अजान झाली. बिल्कीसने खजूर तोंडात टाकून एक ग्लास अल्फियापुढे सरकवला.

अल्फियाने तो परत ढकलला.

"पी ना."

"नको. त्यात ते आहेत."

"काय आहेत?"

"माझ्या डोळ्यातले." तिने बोट दाखवलं. "बघ ना. व्हायरस."

गुलाबी दुधात सब्जा तरंगत होता. भिजून फुगलेला, प्रत्येक दाण्याभोवती पांढुरकं, बुळबुळीत आवरण आणि मधोमध काळा ठिपका.

बिल्कीसचा ग्लास ओठांपाशीच थांबला. मग ती उठली आणि स्वयंपाकघरातून सब्ज्याची बरणी घेऊन आली. कोरडं बी, मोहरीहून बारीक, काळंभोर.

"काजळ आहे?" मी विचारलं.

तिने डबी आणली. मी चिमूटभर बी काजळात मिसळलं. काळ्यात काळं. बोटावर घेतलं तरी दिसत नव्हतं. ते ओल्या कापसावर पुसलं, वर गरम पाण्यात पिळलेला रुमाल ठेवला आणि थांबलो. काजळ तेलकट, त्यामुळे बी फुगायला वेळ लागत होता.

"माईपण ओली पट्टी ठेवते," बिल्कीस हळूच म्हणाली. "गुलाबपाण्याची. आणि लोकांना डोळे मिटायला लावते."

रुमाल उचलला. काळ्या डागातून पांढुरके दाणे वर आले होते.

बिल्कीस खाली बसली. "मी धरून ठेवली होती तिला," ती म्हणाली. "ती रडत होती. टोचतंय म्हणत होती. आणि मी धरून ठेवली होती."

मी तिच्या हातावर हात ठेवला. "उद्या जाऊ नकोस."

"जाणार," ती म्हणाली. "मी नाही गेले तर माझी एक पोर वाचेल. ती पेटी भरलीय मॅडम, चष्म्यांनी."

*

रविवारी सकाळी गर्दी आणखी वाढली होती. पार्किंगच्या तोंडाशी भामाबाई तिची मच्छीची पाटी घेऊन बसली होती. खाडीकाठच्या गावातून ती रोज करंजाड्यात दारोदार मासळी घेऊन येते. आज विकायला बसली नव्हती. तिचा नातू कल्पेश तिच्या पदराआड तोंड लपवून होता. एक डोळा लालभडक, उजेडात उघडतच नव्हता.

"आमी परवा काडले व्हायरस," भामाबाई मला म्हणाली. "तवापासून डोला आसा झालाय. माय बोलते, पिल्लं ऱ्हायली. परत काडाया लागतील."

मी टॉर्च मारून पाहिलं. बुबुळावर ओरखडा होता. "भामाबाई, याला आजच्या आज डॉक्टरकडे न्यायचंय. परत काही काढायचं नाही."

"तुमी बोलता नाय काडायचं, ती बोलते काडायचं. आमी कुनाचं आयकायचं?"

"थोडं थांब. आणि मग स्वतःच्या डोळ्यांचं ऐक."

अल्फियाचं नाव पुकारलं गेलं. बिल्कीस तिला घेऊन बाकावर बसली. मी तिच्यामागे उभी राहिले.

"माई," ती म्हणाली, "मागच्या वेळी हिला फार जळजळ झाली. काजळ आधी माझ्या हातावर लावा. मी बघते."

"बघ ना, बघ," माई मोकळेपणाने म्हणाली. "सायन्समध्ये लपवालपवी नसते." तिने डाव्या बाजूची डबी उघडली आणि बिल्कीसच्या तळव्यावर काजळाचं बोट ओढलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. बिल्कीसने तळवा भिजवला, ओली पट्टी ठेवली. आम्ही वाट पाहिली. लोकही वाट पाहू लागले, कशाची ते माहीत नसताना.

पट्टी उचलली. काळा, ओघळलेला डाग. बाकी काहीच नव्हतं.

मी पट्टी उलटून पाहिली.

"काय शोधताय ताई?" माई माझ्याकडे बघून म्हणाली. आवाजात साखर होती. "ओळखलं मी तुम्हाला. तुम्ही चष्मे घ्यायला लावता. पोरं बरी झाली की तुमचं दुकान बसणार, नाही का?"

"बाहेर काढा त्यांना," मागून कोणीतरी म्हणालं. "लहान पोरांचं काम चाललंय," दुसरं कोणी. महादेव माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. हात लावला नाही, पण वाट अडवली.

माईने अल्फियाची हनुवटी वर केली. "डोळा मीट बाळा." आणि तिने उजव्या बाजूची डबी उघडली.

तेव्हा मला दिसलं. डब्या दोन होत्या. हातासाठी एक, डोळ्यांसाठी दुसरी.

"बिल्कीस, ती डबी वेगळी आहे," मी म्हणाले.

माईचं बोट अल्फियाच्या पापणीपासून वीतभर असेल. बिल्कीसने ते मनगट हवेत धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही.

"हे काजळ," बिल्कीस म्हणाली. "हे माझ्या हातावर लावा."

"हात सोड. हे डोळ्याचं औषध आहे. हाताला चालत नाही."

"मग डोळ्यालाच लावा," मी म्हणाले. "पण कॉम्प्युटर कधीच न पाहिलेल्या डोळ्याला. तुमच्या सायन्सप्रमाणे त्यातून काहीच निघायला नको. निघालं नाही तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन आणि निघून जाईन."

"असा डोळा आणू कुठून आता?" माई हसली. "आजकाल तान्ह्या पोराच्या घरातसुद्धा कॉम्प्युटर आहे."

"माज्याकडं हाय," मागून आवाज आला.

भामाबाई पाटी डोक्यावर घेऊनच पुढे आली. ती खाली ठेवली, वरचं फडकं बाजूला केलं आणि ताटलीएवढं पापलेट बाहेर काढलं. डोळा टपोरा, ओला, चकचकीत.

"ह्याला लाव, माय. ह्यो काय कवा कंप्युटरवर बसला नाय. रातीपरत समिंदरात व्हता."

कोणीतरी फिस्सकन हसलं. माई हसली नाही. "मेलेल्या डोळ्याला करंट नसतो," ती म्हणाली. "सायन्स समजून घ्या जरा."

"मग तर काहीच निघायला नको," मी म्हणाले. "एवढंच बघायचंय."

आता माईला हात मागे घेता येईना. मनगट बिल्कीसच्या हातात, बोटावर काजळ, आणि समोर एवढी माणसं. बिल्कीसने ते बोट हळूच खाली आणलं. भामाबाईने पापलेट पुढे धरलं. काळा पट्टा माशाच्या डोळ्यावर ओढला गेला. त्यावर माईच्याच भांड्यातली गुलाबपाण्याची पट्टी ठेवली.

बाहेरच्या रस्त्यावरून न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर जात होते आणि जमीन बारीक थरथरत होती. महादेवने फ्लेक्सची एक दोरी सोडली, मग सगळे बघताहेत असं वाटून परत बांधली. अल्फिया गुडघ्यांवर बसून पट्टीकडे टक लावून होती. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. पट्टी लवकर उचलली तर बी फुगलेलं नसेल, आणि दुसरी संधी मिळणार नाही.

"उचलू?" भामाबाईने विचारलं.

"अजून नाही."

माईच्या कपाळावर घाम आला होता. "काय पोरखेळ चालवलाय," ती म्हणाली, पण माइक खाली होता. पुढच्या रांगेपलीकडे ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"आता," मी म्हणाले.

भामाबाईने पट्टी उचलली. काजळ ओघळलं होतं आणि माशाच्या डोळ्यावर तीन-चार पांढुरके, बुळबुळीत दाणे बसले होते. प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका.

अल्फियाने आईकडे पाहिलं. "अम्मी, सब्जा," ती म्हणाली. शांतता एवढी होती की ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

भामाबाईने मासा वर धरून सगळ्यांना दाखवला. मग माईकडे वळली. "माय, ह्या पापलेटानं कुटला गेम खेलला गं?"

हसणं उठलं आणि लगेच विझलं. कारण हसता हसता प्रत्येक आईला आठवलं, की आपण आपलं मूल धरून ठेवलं होतं. नंतर जो आवाज आला तो हसण्याचा नव्हता.

"कोणीतरी माझ्या डबीत मिसळलंय," माई म्हणत होती. बिल्कीसने ती डबी घेतली, बशीत उपडी केली, वर पाणी ओतलं आणि आपल्या पिशवीतली सब्ज्याची बरणी शेजारी ठेवली. समजवायला काही उरलं नाही.

माणसं माईकडे सरकू लागली तशी मी मध्ये उभी राहिले. मारहाणीने फक्त तिची कीव आली असती. कोणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत महादेवकडून चष्म्यांची पेटी उघडून घेतली.

ती पेटी मी विसरणार नाही. कुणाचा दोरी बांधलेला, कुणाचा एकच काडी उरलेला, कुणाचा बारीक गुलाबी. मुलांना आपला चष्मा ओळखता येईना, कारण ओळखायला चष्माच हवा होता. मी एकेक चष्मा उचलून त्यातून खांबाची रेघ पाहत होते. भिंग हलवलं की रेघ कोणत्या बाजूला सरकते त्यावरून नंबराचा अंदाज येतो. मग नाव विचारून नाकावर ठेवत होते. अल्फियाने आपला स्वतःच ओळखला. काडीला पट्टी चिकटलेली होती.

कल्पेशला रिक्षात बसवून डॉक्टरकडे धाडलं. भामाबाई जाताना म्हणाली, "ताय, मंग कंप्युटर बंद करायचा का पोरांचा?" तोच प्रश्न बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर होता.

नाही, बंद करायचा नाही. तिथे जे सांगितलं तेच इथे लिहिते. कॉम्प्युटरच्या काचेतून व्हायरस येत नाही. त्याचा व्हायरस ही माणसानेच लिहिलेली खोडसाळ आज्ञावली असते, ती डोळ्यांत राहू शकत नाही. डोळ्यांची साथ आणणारा विषाणू वेगळा. तो हातांनी आणि टॉवेलने पसरतो, आणि इतका बारीक असतो की बशीत काढून दाखवताच येत नाही. बशीत दिसला, म्हणजे तो विषाणू नव्हेच.

मुलांचे डोळे कॉम्प्युटरपुढे दमतात, हे मात्र खरं. खेळात रंगलं की मूल पापणी मिटायला विसरतं, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून पडदा हातभर लांब आणि नजरेच्या किंचित खाली असावा. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू नये. पंखा थेट तोंडावर नको. खोलीत अंधार करून खेळू देऊ नका. थोड्या थोड्या वेळाने मुलाला उठवा, गॅलरीत न्या, लांबचं झाड बघायला सांगा. रोज उन्हात खेळू द्या. मूल मान वाकडी करत असेल, एक डोळा मिटून बघत असेल, पडद्याला नाक लावत असेल, तर रागावू नका. डोळे तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी दिलेलं सोडून डोळ्यांत काहीही घालू नका. मग ते काजळ असो, मध असो, की सायन्स म्हणून दिलेलं काही. कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एकच विचारा, हे पापलेटच्या डोळ्यातूनही निघतं का?

पुढच्या रमजानमध्ये बिल्कीसने मला पुन्हा इफ्तारला बोलावलं. अल्फियाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. शाळेत आता तिला कोणी चिडवत नव्हतं. भामाबाई दारात आली की पट्टी बघून तिला जहाजाचा 'कप्तान' म्हणायची आणि ते नाव सगळीकडे पसरलं होतं. गुलाबी दुधाचा ग्लास पुढे आला. अल्फियाने तो दिव्यासमोर धरला आणि त्या डाव्या, एके काळी आळशी असलेल्या डोळ्याने बराच वेळ आत पाहिलं.

"अम्मी," ती म्हणाली, "या वेळेला सब्जा कमी घातलास."